तीन तास ओट्यावर

डोळखांबच्या पाड्यांवरून आलेल्या बायांनो, सापगावच्या, टोकावड्याच्या भावांनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या रीनाताई,

मला बोलायला लावू नका, असं मी काल दोनदा कळवलं होतं. तरी फळ्यावर माझं नाव लिहिलंत. आता उभी राहिलेय तर ऐका. मधे थांबले तर थांबू द्या. पण "बस गो सुगंधा" म्हणून मला खाली बसवायला कोणी येऊ नका.

रूबेन झिराडकर, आपले रूबेनभाऊ, गेल्या मंगळवारी सकाळी चहा घेता घेता गेले. त्यांचे लोक ठाण्याहून आले आणि त्याच दिवशी त्यांना घेऊन गेले. त्यांच्यात मातीला थांबत नायत. आपल्यातले निम्मे पोचलेच नाय.

माझ्या आधी पाच जण बोलले. पाचही जण म्हणाले, भाऊ आपल्या घरातले होते. मला त्यावरच बोलायचंय.

नवी मंडळी आलीयत, त्यांच्यासाठी सांगते. भाऊ मोजणी खात्यात होते. नोकरी सोडली आणि आमच्या वनदाव्यांच्या मागे लागले. ज्या उतारावर आमच्या तीन पिढ्यांनी नाचणी केली, त्याच्या कागदावर आमचं नाव नव्हतं. दावा करायचा तर मोजणी पाहिजे. साहेब लोक यायचे, गाडीच्या सावलीत उभे राहायचे, तिथूनच हात करायचे आणि नकाशा तयार. भाऊ तसं करायचे नाय. टेप पिशवीत ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी तुमी चाला. तुमची हद्द तुमाला माहीत. मी मागून येतो."

माझा बा चालला होता. अनवाणी. "इथून वळायचं. इथे माझी आय भारा घेऊन पडली होती. हा दगड आमच्या आज्यानं लावला." भाऊ मागून चालत होते आणि लिहीत होते. दगड, आय, भारा, सगळं. पुढे तो कागद पाहून साहेब हसला. तेव्हा भाऊ म्हणाले, "हसू नका साहेब. तुमच्या नकाशात ही वळणंच नायत."

भाऊ ज्यू होते. आज सगळ्यांना माहीत आहे. आधी किती जणांना माहीत होतं? मी तर त्यांना विचारलं होतं, "भाऊ, तुमी चर्चमध्ये कधी जाता?" केवढे हसले. म्हणाले, "अगो, आमी शनवार तेली. कोकणात घाणे चालवायचो. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. दोन हजार वर्षं झाली म्हणतात. पण त्याची मोजणी मी केलेली नाय."

शनिवारी ते आपल्या समितीच्या मिटिंगला यायचे, बोलायचे, भांडायचे, पण पेन हातात घ्यायचे नाय. "एवढं एक पाळतो," म्हणायचे. मग शनिवारचं इतिवृत्त लिहायचं कोणी? माझ्याकडे वही सरकवली. दहावी नापास बाई. पहिल्या पानावर बारा चुका होत्या. रविवारी येऊन त्यांनी त्या माझ्यासमोर सुधारल्या आणि म्हणाले, "मजकूर बरोबर आहे. मजकूर महत्त्वाचा." मी आज तुमची चिटणीस आहे ती भाऊंच्या शनिवारांमुळे.

आता ओट्याचं सांगते.

आपल्या समितीचा एक नियम आहे. समितीतल्या कोणाच्या स्वतःच्या किंवा सोयऱ्याच्या जमिनीचा वाद आला, की त्याने उठून बाहेर ओट्यावर बसायचं. आतल्यांना मोकळं बोलता यावं म्हणून. हा नियम भाऊंनीच घातला. माझ्या बाच्या बांधाचा वाद आला तेव्हा मीही ओट्यावर बसलेय. चांगला नियम आहे. आणि त्याच नियमानं आपण भाऊंचा जीव घेतला.

कुजबुजू नका. डॉक्टर हृदय म्हणाले, ते मलाही माहीत आहे.

गाझातल्या पोरांवर बॉम्ब पडत होते तेव्हा आपण शहापुरात मोर्चा काढला. ते पत्रक कोणी लिहिलं? भाऊंनी. "मुलांना मारणाऱ्या कुठल्याही सरकारला आमचा धिक्कार" हे वाक्य कोणाचं? भाऊंचं. बहात्तर वर्षांचा माणूस उन्हात सगळ्यात पुढे चालत होता. त्याच मोर्चात मागे एक पुठ्ठ्याचा बोर्ड होता. "हिटलरने काम अर्धवट सोडलं." आपल्याच एका शिक्षक कार्यकर्त्याच्या अक्षरात. ते इथे बसलेत. मी नाव घेत नाय. पण गुरुजी, मान वर करा.

भाऊंनी रस्त्यात तमाशा केला नाय. मोर्चा संपेपर्यंत चालले. मग तो बोर्ड मागून घेतला, घडी केली आणि शनिवारच्या मिटिंगला घेऊन आले. एवढंच म्हणाले, "हे आपलं नाय. हा ज्यूद्वेष आहे. तसं वहीत लिहा आणि पुन्हा असं होणार नाय एवढं लिहा."

आपण काय केलं? "चुकलो भाऊ" म्हटलं? छे. आपण चर्चा ठेवली.

मुंबईहून आपल्या आघाडीचे एक सोबती आले होते. शिकलेले. ते म्हणाले, आधी ज्यूद्वेषाची व्याख्या केली पाहिजे, कारण जगभर हा आरोप करून त्या सरकारवर टीका करणाऱ्यांची तोंडं बंद करतात. भाऊ म्हणाले, "खरंय. करतात. मलाही त्याचा राग आहे. म्हणूनच हद्द घाला ना. इथपर्यंत टीका, इथून पुढे द्वेष. बसू या आणि घालू या."

तेव्हा कोणीतरी म्हणालं, "पण भाऊ, तुमी त्यातलेच. मोकळं बोलता येणार नाय."

आणि मी, मंडळी, मी, सुगंधा, वही मांडीवर घेऊन म्हणाले, "भाऊ, आपला नियम आहे. तुमी जरा ओट्यावर बसता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. चष्मा काढला, खिशात ठेवला आणि उठले. नियम त्यांचाच होता, मोडणार कसे?

तीन तास. ज्यांनी रूबेन झिराडकर सोडून दुसरा ज्यू आयुष्यात पाहिला नाय अशा अकरा जणांनी तीन तास ठरवलं, की ज्यूला कशानं दुखायला हवं आणि कशानं नको. ज्याला दुखलं तो दाराबाहेर. मधे चहा झाला. ओट्यावर चहा नेऊन द्यायचंही कोणाला सुचलं नाय.

व्याख्या अशी झाली, ऐका, माझ्या अक्षरात आहे. "ज्यू धर्मीय व्यक्तीस प्रत्यक्ष इजा करणे किंवा तिचा हक्क नाकारणे म्हणजे ज्यूद्वेष. राजकीय संतापातून आलेले शब्द त्यात येत नाहीत." म्हणजे बोर्ड सुटला. ठराव मंजूर. सर्वानुमते.

भाऊंना आत बोलावून वाचून दाखवलं. त्यांनी फक्त विचारलं, "काम अर्धवट सोडलं, असं लिहिलंय. मग उरलेलं काम कोण?"

कोणी बोललं नाय.

"मीच ना? आणि माझी लेक रीना."

मुंबईचे सोबती म्हणाले, "रूबेनजी, ते तुमच्याबद्दल नाही."

"मग कोणाबद्दल आहे? नाव सांगा. त्याच्या घरी जाऊन बसतो."

मंडळी, मला आठवतं, इथल्या एका शिपायानं मला जातीवरून घाण शिवी दिली होती. तेव्हा याच समितीची मिटिंग झाली. कोणी म्हणालं का, सुगंधा, तू त्यातली, तू ओट्यावर बस, शिवी होती की नव्हती ते आमी ठरवतो? म्हणालं असतं तर मी चप्पल काढली असती. त्या दिवशी भाऊ म्हणाले होते, "आधी तिला बोलू द्या. तिच्या शब्दात लिहा." शब्द न शब्द लिहिला होता. जमीन वाटायची असेल तेव्हा माणूस बाहेर बसतो. तिथे वाटायचं काय होतं? भाऊंना वाटणीत काय मिळणार होतं?

काही जण तेव्हा म्हणाले, आज इथेही दोघांनी माझ्या कानाशी म्हटलं, की भाऊ आतून त्या बॉम्ब टाकणाऱ्या सरकारच्याच बाजूचे होते. आतून? मग बाहेरचं ऐका. टोकावड्याच्या एका धाब्यावर आमी दोघं एसटीची वाट बघत होतो. तिथल्या एकाला कळलं भाऊ कोण ते. त्यानं गाडीला घालायला आणलेला हार भाऊंच्या गळ्यात घातला. "तुमच्या लोकांनी चांगला धडा शिकवला त्यांना!" भाऊंनी हार काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझे लोक डोळखांबला राहतात. त्यांना अजून पट्टे मिळाले नायत. तिथे घालायला ये." मग आमी भर उन्हात बाहेर जाऊन उभे राहिलो, कारण त्या माणसाच्या छपराखाली बसायचं नाय असं भाऊंनी ठरवलं होतं.

एकानं हार घातला, दुसऱ्यानं बाहेर बसवलं. दोघांनाही रूबेन झिराडकर दिसला नाय. पण हार घालणारा परका होता हो. आपण नव्हतो.

मिटिंगनंतर ते माझ्याजवळ आले. शनिवार होता, पेन त्यांच्या हातात नव्हतं. म्हणाले, "सुगंधा, सर्वानुमते लिहू नको. मी बाहेर होतो एवढं लिही." मी म्हटलं, "पुढच्या मिटिंगला दुरुस्ती घालू, भाऊ." कंटाळा आला होता मला. भाकऱ्या थापायच्या होत्या. शेवटची जीप निघत होती. एक ओळ होती फक्त. एक ओळ.

पुढच्या मिटिंगला भाऊ आले नाय. त्याच्या पुढच्यालाही नाय. आपण म्हणालो, म्हातारपण आलं. चार महिने. एक तरी जण त्यांच्या घरी गेला का? मी दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत फिरले. काय बोलणार होते? आता सांगते इथे, सगळ्यांसमोर. ठराव चुकला. व्याख्या चुकली. तो बोर्ड ज्यूद्वेषच होता आणि भाऊंना बाहेर बसवणं हाही ज्यूद्वेषच होता, आणि तो माझ्या तोंडून झाला. कोणी मतदान घेऊ नका यावर. मी विचारत नायेय.

ही सभा ठरली तेव्हा मी रीनाताईंना फोन केला. म्हटलं, तुमी या, दोन शब्द बोला. त्या म्हणाल्या, "येते. पण मला एक सांगा, आमी आत बसायचं की ओट्यावर?"

त्या आल्या, दाराजवळची शेवटची खुर्ची घेऊन बसल्या. पुढे तीन खुर्च्या रिकाम्या आहेत. आमी म्हटलं, पुढे या. त्या म्हणाल्या, "इथे बरं आहे." त्यांना बोलायचं नाय. त्यांनी का बोलावं?

रीनाताई, मी माफी मागत नाय. ती ज्यांच्याकडे मागायची ते गेले, आणि त्यांच्या वतीनं द्यायचं ओझं मी तुमच्यावर टाकणार नाय. तुमच्या वडलांनी माझ्या बाला त्याच्याच जमिनीवर पुढे चालू दिलं होतं. त्यांच्या दुखण्यात आमी त्यांना पुढे चालू दिलं नाय. एवढंच.

रूबेनभाऊ, तुमाला या सुगंधाचा हात जोडून नमस्कार.

आता दोन मिनिटं शांत उभं राहायची पद्धत आहे. घोषणा नको, अमर रहे नको. भाऊंनी विचारलं होतं, उरलेलं काम कोण, तेव्हाही आपण अकरा जण असेच शांत होतो. आपल्याला त्याचा सराव आहे.

उठा.