डिस्कला लावलेलं कुंकू

आमच्या डिस्कचं काय झालं ते ऐका. अवकाशयानाचा एक जुना इंग्रजी पिक्चर मला फार आवडतो. त्याचं जुनं चित्र साफ करून काढलेली नवी डिस्क मी मागवली. माझा मित्र सचिन म्हणाला, "मोबाईलवर फुकट दिसतंय की. ह्या चकतीत काय येगळं हाय?" मला बोलून पटवता येत नाही, म्हणून त्याला सोनईहून घरीच बोलावलं.

पिक्चर सुरू झाला. यानाचं दार उघडायला लागलं आणि अर्ध्यातच थांबलं.

"डिझेल संपलं का रं?" सचिन हसला.

डिस्क काढून पाहिली, तर चकचकीत बाजूवर कुंकवाचं बोट.

आई म्हणाली, "नवी वस्तू घरात आली, कुंकू नको लावायला? दुसऱ्या बाजूला परक्या मानसाचं तोंड छापलं हुतं, त्याला कसं लावू?"

डिस्क मऊ फडक्याने पुसून परत लावली. काय सांगू, अंधार खरोखर काळाभोर, यानाचा एकेक खिळा दिसत होता. सचिन सरकत सरकत पडद्याजवळ जाऊन बसला. पिक्चर संपल्यावर म्हणाला, "परत पहिल्यापासून लाव. आन मावशी, आता हिला हात लावू नका."

"न्हाई लावत," आई म्हणाली, "आता फक्त नारळ फोडायचा राहिलाय."