पेटीतलं झबलं

पेणला रक्ततपासणीच्या रांगेत माझ्यामागे एक म्हातारी आणि तिची धाकटी लेक होत्या. थोरलीचा आठ दिवसांचा मुलगा वरच्या मजल्यावर काविळीसाठी निळ्या दिव्याखाली होता.

"किमया, रांग का सरकत नाय गो?"

"सरकंल. आये, झबल्यात डांबरगोळ्या होत्या काय?"

"पेटीतलं झबलं, गोळ्या असणारच. नायतर कसर खाईल."

"त्या गोळ्यांनीच बाळाचं रक्त फुटतंय, डॉक्टर म्हणाले."

"काय तरीच! तेच झबलं तुला घातलं, अनिताला घातलं. तुमाला काय झालं?"

"आम्ही पोरी. गोळ्या न सोसणारं रक्त आईकडनं येतं, पण बाधतं ते जास्त पोरग्यांना. म्हणून तर तुझंपण रक्त तपासतायत."

"माझं?"

"आमच्या आधी तुला पोरगा झालेला ना?"

"धनेश. पाचवीला हळदीसारखा पिवळा झाला, सातव्या दिवशी गेला."

"त्याला काय घातलेलं?"

"...तेच."

आतून त्यांचा नंबर पुकारला.

"आये, चल."

"थांब. काकीला फोन लाव."

"आता? तू तर तिच्याशी बोलत नायस."

"तिनं धनेशच्या पाळण्यात वाकून बघितलं, नि दुसऱ्या दिवशी पोर पिवळं पडलं. नजर लावली म्हणून तीस वर्षं मी तिला दारात उभं केलं नाय. लाव फोन."