लांबचं का जवळचं

तुम्ही कामून बोललात मधी? नाय, मला सांगाच — डॉक्टरीणबाईनं तुमच्या आईला इचारलं व्हतं, तुम्हाला नाय. कालिंदीबाई, बिनचष्म्याचं काय दिसलं पाहिजे, लांबचं का जवळचं? पडद्याच्या अल्याड मी बसलेली, सगळं आईकलं म्या. आन तुमच्या आईनं तोंड उघडायच्या आत तुम्ही — लांबचं द्या मॅडम, तिला आता कुठं काय वाचायचं असतं. झालं. मशिनीवर हनुवटी टेकवून बसलेली बाई, तिनं काय भांडावं तुमच्याशी? बसा, उठू नका, मोजमाप चालू हाय तिचं, येळ लागतो. मला तुमचं तोंड दिसंना — थेंब टाकलेत डोळ्यात, बाहुली मोठी व्हायला — ते एक बरंच झालं. दिसलं असतं तर भीड पडली असती, साहेब-साहेब करत बसले असते.

माझा हा दुसरा डोळा, आजच करायचाय. पयला दिवाळीमागं केला, तो बी लई उशिरा. शिवराज, माझा पोरगा, वाळूजच्या कंपनीत हाय — आम्ही बजाजनगरच्या पल्याड राहातो, नवीन प्लॉटिंग झालंय तिकडं — तो म्हणायचा, आई, मोतीबिंदू पिकू दे. सासू बी माझी हेच म्हणायची, कच्चा काढू नये. पिकू दे, मंग थंडी पडू दे, मंग पोरांच्या परीक्षा हू दे. पिकता पिकता मला भाकरीची करपलेली बाजू दिसंना, वासावर उलटायची म्या. डॉक्टरीणबाई लई चिडली. म्हणाली, हा काय अढीत घालायचा माल हाय का आजी? डोळ्यातलं भिंग गढूळ व्हतं, त्याला मोतीबिंदू म्हणायचं, दुसरं काय नाय. कवळा हाय तवर बारीक छेद घ्यायचा, यंत्रानं फोडून ओढून घ्यायचा, त्याच जागी नवं भिंग घडी घालून सोडायचं, टाका बी लागत नाय. टणक झाला की छेद मोठा. आन लईच पिकला तर डोळ्यात दाब चढतो, मंग नजरच जाती, ती कोणाच्या बापाला परत आणता येत नाय. माझं नशीब, तिथवर गेलं नाय. पर बोलणी म्या खाल्ली. पिकू दे म्हणणारा भाईर मोबाईल बघत उभा.

तवा बी हेच इचारलं व्हतं — लांबचं का जवळचं. ते भिंग एकदा बसलं की जन्माचं, म्हून इचारत्यात. एकीकडचंच नीट दिसतं, दुसरीकडंला चष्मा. दोन्ही दिसायचं बी असतं म्हणे, पर रातच्याला दिव्याभवती कडं दिसतं, ते काय मला झेपलं नसतं. आन शिवराज माझ्या आधी बोलला. लांबचं द्या. तुमच्यावाणीच, अगदी तुमच्याच आवाजात. मला बरं वाटलं हो तवा. म्हणलं, लेकराच्या मनात असंल, आईनं मळा बघावा, डोंगर बघावा, गावाकडं गेल्यावर लांबून माणूस वळखावं.

घरी आल्यावर उमगलं. गच्चीवर खुर्ची टाकली त्यानं माझ्यासाठी.

औंदा पाणी नाय, तुम्हाला ठाऊकच हाय — तुमच्याकडं शहरात नळाला आठ दिसाला तरी येतं, आमच्या प्लॉटिंगला नळच नाय. टँकर येतो, कवा येतो ते त्याच्या डायव्हरला बी ठाऊक नसंल. कंपनीच्या भिंतीकडून वळला की ज्याचा पाईप पयला आत पडंल त्याचा ड्रम भरतो, बाकीचे गाळ चाटत बसत्यात. तर मी गच्चीवर. वळणावर टँकरचं नाक दिसलं की आरडायचं, खाली सून सायली पाईप घेऊन पळती. सगळी गल्ली आता माझ्या आरडण्यावर पळती. आशाबाई शेजारीण म्हणती, साळूबाईचा डोळा हाय म्हून आपण आंघोळी करतो. सगळे हासत्यात. मी बी हासले पयले दोन-चार दिस. मंग नाय हासले. टँकर बघायला डोळा बसवला माझ्यात, कळलं का? इजेच्या खांबावर दिवा बसवत्यात तसा. आन दिसतंय काय त्या डोळ्याला? सगळीकडं चुन्यानं आखलेले प्लॉट, त्यात एक झाड नाय, आन त्या पल्याड धुराडी. ते बघायचं म्या मागितलं नव्हतं.

वाईट नाय पोरगं. रातपाळी करून येतं, ड्रम उचलतं, बापाचं हागणं-मुतणं काढतं, नाक मुरडत नाय. ते खोटं कशाला सांगू? पर इचारत नाय ना. कोणालाच इचारत नाय.

काय म्हणलात? चष्मा? लावला की. जवळचा करून दिला व्हता शिवराजनंच. आमचे मालक — ह्यांच्या अंगावरून वारं गेलंय, दोन वर्सं झाली खाटंवर हायेत, उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा चालतो, तो बी त्यांच्या मर्जीनं नाय. भरवायला वाकले तर तो हात आला, चष्मा गेला खाली, फुटला. शिवराज म्हणतो, दुसऱ्या डोळ्याचं हू दे, नंबर बदलंल, मंग एकदाच करू. बराबरच हाय म्हणा त्याचं, कोण नाय म्हणतंय. पर तवर मी काय करू? गच्चीवरून कोसभर दिसतं, आन हातभर अंतरावर नवऱ्याचं तोंड दिसत नाय. नाक कुठंय, डोळं कुठंय, नुसता धुरकट गोळा. दाढी करताना दोनदा कापलं म्या त्यांना. ते काय बोलणार? नुसतं अंग चोरून घेतलं.

आन बोलत्यात हो ते. वाचा गेली म्हून काय झालं? डोळ्यानं बोलत्यात. आमचं ठरलंय पयल्यापासून — एकदा मिटले की व्हय, दोनदा मिटले की नाय. मला दिसत व्हतं तवर सगळं चालायचं. भाकर चुरू का, कूस बदलू का, गावाकडची, देवगावची कोण माणसं आली तर बसू देऊ का नको. आता म्या इचारते, आन जवाब आला का नाय तेच कळंना. मंग शिवराज बघून सांगतो. बाबा व्हय म्हणले.

सगळ्यालाच व्हय म्हणायलेत बाबा.

देवगाव रंगारीला आमचं शेत हाय. उरलेलं तेवढंच. मालकांनी हातानं हीर खांदली तिथं, औंदा ती बी कोरडी पडली, ते खरं. शिवराजला ते इकून हितं शेजारचा प्लॉट घ्यायचाय. घेऊ दे बाबा, त्याला बी लेकरं हायेत, शहर वाढायलंय, उद्या हाती लागायचा नाय. माझं त्याला काय म्हणणं नाय. म्या एवढंच म्हणलं, शेत त्यांच्या नावावर हाय, त्यांना इचार. तर खाटंपाशी बसला, आन उठला लगीच. म्हणला, इचारलं, व्हय म्हणले. आता शेत घेणारी माणसं घरी यायचीत, कागदावर मालकांचा अंगठा घ्यायला.

लगीच उठला हो. तेच माझ्या डोस्क्यातनं जाईना. तुम्ही त्यांना वळखत नाय — हा माणूस धडधाकट व्हता तवा बी व्हय चटकन म्हणायचा आन नाय म्हणायला जड जायचं त्याला. सोयरा पैसे मागायला आला, बैल मागायला आला, खाली बघत बसायचे, येळ लावायचे, मंग हळूच नाय. आता तर निम्मं अंग गेलेलं, पापणी बी जड. एकदा मिटली की दुसऱ्यांदा मिटायला लई येळ लागतो त्यांना. मला दिसत व्हतं तवा मी थांबायचे. हातातलं काम ठिवून थांबायचे. शिवराजला दम कुठंय? एकदा मिटलेली बघितली आन उठला. त्याच्या पाठीमागं दुसऱ्यांदा मिटले असतील त्यांनी डोळं. मी तिथंच खाटंच्या पायाशी बसलेली, हो. मला दिसलं नाय.

नाय, रडत नाय. थेंबाचं पाणी हाय ते.

तर ऐका. डॉक्टरीणबाईला म्या मागल्या खेपंला एकटीनं गाठलं. इचारलं, एक डोळा लांबचा झालाय, दुसरा जवळचा बसवता येतो का? म्हणली, येतो की, काही दिस गरगरल्यावाणी व्हईल, मंग डोस्कं आपोआप सावरतं. आज ती पुन्ना इचारणार हाय, त्या पडद्यामागं, तुमच्या आईला इचारलं तसंच. शिवराज ऑपरेशननंतरचे थेंब आणायला खाली मेडिकलात गेलाय. तो यायच्या आत माझा नंबर लागावा म्हून मघापासून देवाला हात जोडायले, आन तुम्ही मधी बोललात. माझा जीव नुसता —

आले, आले. साळूबाई मीच. हात धरा वो सिस्टरबाई, उजेड लई खुपायलाय. हा कोण आला जिन्यानं? शिवराज, चपलांचा आवाज वळखते मी तुझा. थेंब सिस्टरकडं दे. तू बस भाईर. नाय, तुझं काम नाय आत, बस म्हणलं ना. आज घरी माणसं येऊ देऊ नकोस, उद्या बी नको. पट्टी निघू दे माझी, तुझ्या बापाला मी इचारणार हाय.

आन तुम्ही — ती बघा, तुमची आई आली भाईर. भिंग अजून बसलं नाय तिचं. इचारा तिला. आन इचारल्यावर लगीच उठू नका. सरका आता, वाट द्या.