खाडीतल्या बेटावरचं जेवण

दर्यावरचा माणूस आपल्या ताटातला घास काढून पाहुण्याला देतो, असं आमच्या बिल्डिंगमधले प्रधानसाहेब सांगतात आणि सांगताना डोळे मिटून घेतात. मी पण होतो तिथं, म्हणून बोलतो. आम्ही मूळचे कोकणातले, वडील अंबरनाथला कंपनीत लागले, त्यांच्यामागे मी लागलो, रंगाच्या कंपनीत, पॅकिंगला, आता बदलापुरात कात्रपला दोन खोल्या आहेत, चाललंय. साहेब मोठ्या जागेवरून रिटायर झालेले, त्यांनी फिरायचं मंडळ काढलं, आणि बायको म्हणाली, जा एकदा, घरात बसून काय करता.

तर आपली उल्हास नदी बदलापूरवरून खाली जाते, पुढं तिची खाडी होते, तिथं मधे बेट आहे, थोडी घरं, होडीशिवाय जाता येत नाही. होडी तिथल्याच जनूकाकांची. जाताना काका अगदी गोड, जाळं कसं टाकतात ते दाखवत होते, थट्टा करत होते. मग साहेबांनी त्यांच्या अंगणात उभं राहून भाषण केलं. सागरपुत्र म्हणाले. समोर सागर नव्हता, चिखल होता, पण काका ऐकत होते. शेवटी साहेबांनी माझा हात धरून मला पुढं केलं, हे आमचे अंबरनाथचे, रंगाच्या कंपनीतले.

काय सांगू तुम्हाला, काकांचं तोंडच बदललं. म्हणाले, म्हंजे तुमीच. खाडी लाल झाली का आमी समजतो, वर कंपनीत आज लाल रंग चालू हाय. मी म्हटलं, काका, मी पॅकिंगला, पाणी सोडणारे वेगळे. ते म्हणाले, हां, वरून जो येतो तो पॅकिंगलाच असतो.

मग आत हाक मारली, पावण्यांना वाढा. खाडीतल्या बोईट माशाचं कालवण आलं. काका माझ्यासमोर मांडी घालून बसले. खावा. खाल्ल्याबिगर होडीची दोरी सोडनार नाय. हसले, पण नुसत्या दातांनी. साहेबांना एकदम उपवास आठवला, सकाळी स्टेशनवर आमच्याबरोबर वडापाव खाल्ला होता तरी. बाकीचे माझ्याकडे बघायला लागले, तुझ्यामुळं झालंय, तू खा. आता मला ते पाणी माहीत, नाही म्हटलं तर काका बोलले ते खरं झालं, आणि परत जायला होडी एकच. खाल्लं. शेवटपर्यंत, काटे चोखून खाल्लं. काका म्हणाले, कसा हाय? म्हटलं, बरा आहे. मग याला अजून वाढ गं.

देवाच्या कृपेनं पोटाला काही झालं नाही. मी अजून पॅकिंगलाच आहे, साहेब अजून तो ताटातला घास सांगतात, सांगू देत, त्यांचं चांगलं होवो. त्या दिवशी हात धुवायला मी मागच्या पडवीत गेलो, तर काकी म्हणाल्या, खाडीचं आमच्या घरात कोन खात नाय आता. काकांचं ताट तिथंच वाढून ठेवलं होतं. त्यात अंड्याचा रस्सा होता.