जावयाची चूल

पोलादाचं पाणी करणाऱ्या आगीतही न तडकणारी वीट ज्या राष्ट्राला साधली, त्या राष्ट्राचं भवितव्य सुरक्षित, असं मार्तंड मास्तर नांदुरा स्टेशनच्या बाकावर पेपरातून मोठ्यानं वाचत होते. शेजारी दोन बाया पॅसेंजरची वाट पाहत होत्या.

"अन्नपूर्णे, जवायानं तशाच विटाची चूल करून देल्ली म्हने तुले?"

"देल्ली ना वं गीताबाई. मुंबईत त्याच विटाचं संशोधन करते तो. लोखंड पिघळन, पन चुलीले काई होनार नाही."

"मंग सयपाक झपाट्यानं होत असन."

"कायचा वं! वैल बुजवला त्यानं. बाजूच्या तोंडातून जाळ वाया जाते म्हने. भाकर टाकली का भाजी थंडी, भाजी ठेवली का भाकर राह्यली."

"सांगाचं ना त्याले!"

"जवायाले नाव ठेवू? पोरगी तोंड पाहीन का माहं?"

"मंग सयपाक?"

"जुन्या चुलीवर. नवी ऊब लई धरते, तिच्यात कोंबडी बसवली अंड्यावर."

"अवं, तो आज येऊन राह्यला! उठव तिले."

"पिल्लं निघाच्या बेतात हायेत. आता उठन का ते?"

गाडी आली. जावयानं खाली पाय ठेवताच विचारलं, "चूल कशी आहे, मामी?"

"एक दिवस रिकामी नाही, जवाईबापू."

जावयाचा चेहरा उजळला. त्यानं हमालाला खूण केली आणि डब्यातून दुसऱ्या चुलीच्या विटांची पेटी उतरली.

अन्नपूर्णाबाईंकडे कोंबडी एकच होती.