दगडीपाल्याचं शेवटचं वाक्य

तुम्ही म्हणता, मी कुणाला कधी नाही म्हटलं नाही. एकदा म्हटलंय. पन्नासच्या दशकात मी कल्याणला राहून एम.एस्सी. करत होतो. टिटवाळ्याची बुधीआजी लोकांच्या जखमांवर दगडीपाला बांधायची. त्याचाच रस मी काचेच्या बशीत जंतूंवर तपासला, आणि रसाभोवतीचे जंतू चक्क मेले. माझे मार्गदर्शक सर खूश झाले.

"प्रबंधाच्या शेवटी लिहा, कर्करोगावरही गुणकारी. शिष्यवृत्ती नक्की."

"पण सर, ते तपासलेलं नाही."

"म्हातारी गाठीवर देत असेलच. विचारून या."

खरं सांगतो, ती हो म्हणाली असती तर मी लिहिलं असतं.

बुधीआजी पाला निवडत होती. माझा प्रश्न ऐकून थांबली. "मास्तर, माज्या नवऱ्याच्या गळ्यात गाठ व्हती. ह्योच पाला सा महिने बांधला. मेला त्यो. तुजा कागद वाचून आनखी कोनी पाला बांधत बसंल. लिवशील?"

दुसऱ्या दिवशी सरांपुढे प्रबंध ठेवला. शेवटचं वाक्य होतं, 'गाठीवर उपयोग आढळला नाही.'

"हा प्रयोग कुणी केला?" सर कडाडले.

"बुधीआजीनं."

"किती रोग्यांवर?"

"एकाच. तिच्या नवऱ्यावर."

"एकावरून शास्त्र ठरत नाही!"

"मग शून्यावरून कसं ठरतं, सर?"

शिष्यवृत्ती गेली. ते वाक्य शास्त्रात बसतं का, ही धाकधूक मला आजही आहे. पण खोडलं नाही.