छबूच्या शेजारची जागा

माझं माहेर वालूर, जात कासाराची, म्हणजे चालायला लागले तवापासून बांगड्यांच्या माळाच बगितल्या. सासर तिथून दोन कोसावर, गावाचं नाव नका लिवू, माणसं अजून हायत. मालक बाजार करायचे, अन् मी आळीआळीनं फिरून बायांच्या हातात बांगड्या भरायची. माझं तोंड लय तिखट, हे आधीच सांगून ठिवते, म्हणजे मंग तुमी म्हणू नका का ही बाई अशी कशी.

एकच लेक झाली, छबू. दीड वर्साची असल, तिच्या पाठीमागं माझ्या हातातली अख्खी माळ फरशीवर पडून फुटली, अन् पोरीनं मान सुदिक वळवली न्हाई. तिथंच बसले मी काचंत. काय सांगू तुमाला, मंग दवाखाने झाले, देव झाले, कान काय आले न्हाईत. सहा वर्साची झाली तशी साळंत नेली. गुर्जी म्हणले, बाई, असल्या लेकरांची साळा शहरात असती, तिथं ठिवा. मी म्हणलं, का वं, ह्या साळंच्या दारातून माझी पोर मावंना का? लय भांडले. शेवटी बसवा म्हणले. भला माणूस व्हता तो, पुढं तर फळ्याकडं तोंड करून बोलायचं सोडलं त्यानं, छबूला व्हट दिसावे म्हणून.

तिच्या शेजारी बसायची कमल, बौद्धवाड्यातली. हजेरीत नाव आलं की पोरांनी हजर म्हणायचं, छबूला नाव आलेलं कुठं कळतंय? तर ही कमल, कुणी शिकवलं न्हाई काई न्हाई, छबूचं नाव आलं की तिचं मनगट दाबायची अन् छबू हात वर करायची. गुर्जी काय वाचायलेत त्या ओळीवर बोट ठिवायची. दोन वर्सात छबू लिवायला लागली. मी आपली गावभर सांगत फिरायची, माझी पोर हुशार, माझी पोर हुशार. कमलचं नाव काय मी कुठं घेतलं न्हाई.

मंग नामांतराचं पेटलं. नाव त्या लांबच्या औरंगाबादच्या विद्यापीठाचं, अन् आमच्या गावात माणसं एकामेकाच्या आळीतून जाईनात. एक दिवस वरच्या आळीत बांगड्या भरायलते, तर घरची मालकीण म्हणती, तुझी पोर त्या पोरीच्या मांडीला मांडी लावून बसती म्हणं, अन् तू आमचे हात धरती. बास, एवढंच. मला वाटलं, आला आता पोटावर पाय. तशीच टोपली घेऊन साळंत गेले, म्हणलं गुर्जी, त्या पोरीला माझ्या पोरीजवळून काढा. गुर्जी म्हणले, बाई, तुमच्या पोरीला कुठं बसवायचं म्हणून तुमीच माझ्याशी भांडल्या व्हत्या.

मी ऐकलं न्हाई. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. काढत न्हाईत तर घरी नेते छबूला, म्हणलं. छबूला व्हट दिसायला पुढंच बसणं भाग, म्हणून उठली कमल. दप्तर उचललं, मागं गेली. महिन्याभरात तिच्या बापानं बिऱ्हाड हलवलं, परभणीला गेले म्हणं.

त्याच साली गुर्जींची बदली झाली. नवे गुर्जी वहीत डोकं घालून नावं घेणारे. छबू समोर बसलेली, अन् वहीत रोज गैरहजर. मला कळलं कवा, तर पटावरून नाव कमी झालं तवा. पोर वर्गात अन् नाव बाहेर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भांडायला गेले तर ते म्हणले, तिचं हजर कोण म्हणणार? दुसऱ्या पोरींचं ध्यान कुठं ऱ्हातंय. मी म्हणलं, मी म्हणते.

नाव परत घातलं, अन् दुसऱ्या दिवशी टोपली घरी ठिवून जाऊन बसले तिच्याशेजारी, पोरांच्या रांगंत, गुडघे पोटाशी घेऊन. पोरं हसायची. हसा म्हणलं. हजेरीपुरती बसायची, पण ओळ कुठली चालली हे दाखवायला मलाच वाचता यायला पायजे की न्हाई, म्हणून ऱ्हायले बसून, अक्षरं शिकले. वरच्या आळीचं गिऱ्हाईक तसंबी गेलंच.

एक दिवस छबूनं पाटीवर काईतरी लिवलं अन् माझ्याकडं सरकवली. बोट ठिवत ठिवत वाचलं, जन्मात सबंद वाचलेली माझी पयली ओळ. आई, कमलला तू काढलंस.

तिला कसं कळलं इचारू नका. कान नव्हते, डोळे व्हते की. पेन्सिल घेतली अन् खाली लिवलं, हो. पुढं काय लिवावं ते मला अजून येत न्हाई.

आता छबू सातवी झालेली हाय, बांगड्यांच्या दुकानावर बसती. जावई लय बडबड्या मिळालाय, म्हणलं बरं झालं, दोघांचं मिळून सारखं व्हतं. विद्यापीठाचं नावबी बदललं, एवढी वर्सं घालवून. पण माझं चित्त एका जागी ठरत न्हाई बगा. परभणीला माल आणायला गेले की स्टँडवर कमलच्या वयाची बाई दिसली का मागं मागं जाते, तोंड बगते, मालक चिडतात. सापडली तर काय बोलणार, तेबी ठरलेलं न्हाई. जिथं असल तिथं सुखात असू दे. आता तिची लेकरं साळंत जायली असतील. त्यांना कुणाच्या आईनं येऊन उठवू नये.